अंगठ्याची मोहोर आणि तीनशे घरे

श्री. लाख, मेण आणि दोरा या तिन्ही देवतांस नमन असो, कारण हे राज्य त्यांच्याच बळावर तगले आहे. शके सतराशे चोवीस, दुंदुभीनाम संवत्सरे, आषाढमासी थोरल्या तळ्याचा बांध फुटला आणि काठची पाथरवट, कोष्टी आणि कुंभार यांची वस्ती वाहोन गेली, आणि जी माणसे वाचली ती गायरानात फाटक्या राहुट्यांत राहू लागली. मग श्रीमंतांस दया उपजली. उपजावयास सवा वर्ष लागले, पण थोरांची दया सावकाशच उपजते. आज्ञा केली की रयतेस सरकारातून तीनशे घरे बांधोन द्यावी, आणि जागा नेमली ती तळ्यापलीकडील काळी जमीन, जी कोणी फुकटही घेत नव्हते.

त्या समयी दरबारी त्रिंबकपंत मोहोरदार होते. मनुष्य सचोटीचा. परक्याची सुपारीसुद्धा तोंडात घालीत नसत. लाच खाणाऱ्याची निंदा करणे सोपे असते, अशा पुरुषाची कठीण, तरी पुढे ती करावी लागेल. पंतांनी अर्ज केला की आजवर सरकारी कामे कोणाच्या मेहुण्यास, कोणाच्या भाच्यास मिळत आली, हे बंद व्हावे. ज्यास काम पाहिजे त्याने आपला आकडा कागदावर लिहोन लखोट्यात घालावा, वर लाख ओतोन आपली मोहोर करावी, लखोटा तीन कुलपांच्या पेटीत टाकावा, आणि नेमल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडोन ज्याचा आकडा कमी त्यास काम द्यावे. एकाचा आकडा दुसऱ्यास कळू नये. विचार उत्तम होता. दरबाराने वाहवा केली आणि गावोगाव दवंडी पिटली.

आता या राज्यात मोठे मक्तेदार तिघेच, आणि त्यांची बापजाद्यांपासोन एक रीत होती, तिला पाळी म्हणत. पहिले काम एकाचे, पुढले दुसऱ्याचे, त्यापुढले तिसऱ्याचे, आणि ज्याची पाळी नसे त्याने आकडा चढा लिहावा आणि गप्प बसावे. पूल असो की पाणपोई, पाळी कधी चुकली नाही. मग दवंडी ऐकोन तिघांतील वडील हिरोजी मक्तेदार यांनी बाकी दोघांस मांड्यांच्या जेवणास बोलाविले आणि हसोन म्हणाले, "पूर्वी मेहुण्या-भाच्यांची मनधरणी करावी लागे. पंतांनी आपली पायपीट वाचवली. बंद लखोट्यास कोण काय विचारणार?" घरांची पाळी हिरोजींची होती. तीन लिहिणारे कोठे शोधावे, म्हणोन एकाच कारकुनाने, एकाच बैठकीस, एकाच दौतीतून तिघांचेही लखोटे लिहिले. त्याचे अक्षर वळणदार, किंचित डावीकडे कललेले. लिहून झाल्यावर त्यासही मांडे वाढले, आणि त्याने ते खाल्ले.

आणि चौथा लखोटा आला, जो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो सटवाजी पाथरवटाचा. त्याची लेक येसू, विधवा, पदरी तान्ही पोर, त्याच राहुट्यांत राहात होती आणि घर तिलाही मिळणार होते. सटवाजीने काळ्या जमिनीत स्वहस्ते खड्डा खणला, तो सात हातांवर मुरूम लागला. काळी माती उन्हात फाटते आणि पावसात फुगते, तिजवर ठेविलेली भिंत राहात नाही, पाया मुरुमासच टेकला पाहिजे, हे त्यास बापाने शिकविले होते. मग शाळेच्या पंतोजीकडोन मजकूर लिहविला. मोहोर करावयास त्याजवळ अंगठी नव्हती, म्हणोन तापल्या लाखेवर त्याने आपला अंगठाच दाबला, आणि कातडी लाखेस चिकटोन राहिली.

नेमल्या दिवशी पेटी उघडली. पंतांनी भिंगातोन एकेक मोहोर न्याहाळली. तीन मोहोरा चोख. चौथ्यावर अंगठा पाहोन पंत थबकले आणि म्हणाले, "सटवाजी, ही मोहोर नव्हे. मोहोरेविण लखोटा तो लखोटाच नव्हे. हा बाद."

सटवाजी म्हणाला, "सरकार, अंगठी सोनार दुसरी घडवील. ह्यो अंगठा दुसरा कुठनं आणू?"

"नियम आहे, बाबा."

"मंग उघडू नगासा. मी तोंडानं सांगतो. त्या जमिनीत..."

"आकडा बोलू नकोस!" पंत ओरडले. "गुप्तता मोडेल!"

"आकडा न्हाई वो सांगत. पाया किती खोल पायजे त्येवढंच सांगतो."

यावर पंतांनी दोन्ही कानांत बोटे घातली. भर दरबारात, सचोटीपायी. हिरोजी गालातल्या गालात हसले. तीन लखोटे मोहोर न मोडता कडेने कापोन उघडले, काम हिरोजींस मिळाले, आणि चौथा लखोटा न उघडताच बाद कागदांच्या गाठोड्यात गेला.

मग हिरोजींनी घरे बांधिली. पाया दोन हात. भिंतींस चुना दिला तो इतका पांढरा की श्रीमंत ज्येष्ठमासी पाहावयास आले ते डोळे दिपोन परत गेले. येसूस तिसऱ्या ओळीतील सातवे घर मिळाले. सटवाजी म्हणाला, "नगं जाऊ, पोरी. पाया न्हाई त्येला." येसू म्हणाली, "बा, दोन वरसं कापडाखाली काढली. पोर दर पावसाळ्यात खोकती. मला भित्त पायजे, कसली बी आसू दे." आणि ती गेली. तिला दोष कोणी द्यावा? मग सटवाजीने भिंतीस बाहेरोन लाकडी टेकू दिले, ते हिरोजींच्या माणसांनी शोभा जाते म्हणोन काढोन नेले.

भाद्रपदात आठ दिवस झड लागली. माती फुगली. नवव्या दिवशी भर दुपारी तिसरी ओळ सबंध बसली, आणि तीत अकरा माणसे गेली. येसू भाकरी थापीत होती. पोर अंगणात होती म्हणोन वाचली. बाकीच्या घरांस हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि लोक पुन्हा गायरानात गेले.

मग चौकशी बसली. पंतांनी तिन्ही लखोटे मागविले, भिंगातोन मोहोरा पुन्हा पाहिल्या आणि लिहिले की मोहोरा अभंग, सबब व्यवहारात खोट नाही, दोष पर्जन्याचा. एका धाकट्या फडणिसाने भीत भीत म्हटले की तिन्ही कागदांचे अक्षर एकच दिसते. पंत म्हणाले, "अक्षर पाहावे असा नियम नाही." इतक्यात सटवाजी पुढे आला आणि म्हणाला, "माजा लखोटा माघारी द्या." श्रीमंतांस कौतुक वाटले. म्हणाले, "उघडा, पाहू तरी." उघडला. आकडा मुरुमापर्यंत पाया धरोनही हिरोजींहून कमी होता. खाली लिहिले होते की, 'पाया भरण्याआधी पंतांनी स्वतां खड्ड्यात उतरोन मुरूम पाहावा. शिडी मी देईन.'

पंतांनी कागदाची घडी घालोन तो परत लखोट्यात ठेविला. आणि म्हणाले, "लखोटा बाद होता, म्हणजे आतला मजकूर सरकारास पोहोचलाच नाही."

सटवाजी म्हणाला, "शिडी अजून हाय, पंत. खड्डाबी हाय. तिसऱ्या वळीत, सातव्या घराखाली. येसूला काढाया मीच खणला. ह्या खेपेलाबी मुरूम लागला. उतरून बघा."

पंत उतरले नाहीत. त्यांनी नवा नियम केला, की पुढे प्रत्येक लखोट्यास दोन मोहोरा असाव्या. घरे पुन्हा बांधावयाची ठरली, दवंडी पिटली, आणि लखोटे आले ते तीनच. पाळी दुसऱ्याची होती. काम त्यास मिळाले.

येणेप्रमाणे तीनशे घरांची हकीकत संपली. मोहोरा सर्व शाबूत. माणसे अकरा उणी. बखर लिहिणाऱ्याने आपले नाव सांगू नये अशी चाल आहे, ती पाळिली. मांडे दुसऱ्या खेपेसही गोड होते, आणि खाल्ले. ज्यास शंका असेल त्याने या बखरीचे अक्षर आणि त्या तीन लखोट्यांचे अक्षर शेजारी धरोन पाहावे. कोणी पाहणार नाही, हे पक्के ठाऊक आहे, म्हणोनच लिहिण्याचे धैर्य झाले.