सुमनआक्काच्या जागी कुत्रा

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. माझ्या ज्या बालकथेचं सगळ्यांनी कौतुक केलं, ती माझी नव्हतीच. ती मला ओव्हाळ सरांनी दिली होती. आणि ओव्हाळ सरांचा मला भयंकर वैताग होता.

आम्ही दोघं केजजवळच्या एकाच शाळेत मास्तर. मुलांसाठी गोष्टी लिहिणं हा माझा छंद. त्या गोष्टींची उलटतपासणी घेणं हा त्यांचा. सशाची गोष्ट वाचली तरी चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "ह्याचा बाप काय करतो?"

"सर, ससा आहे तो."

"आसंल. पण गाजर कुणाच्या रानातलं खातो? सोताचं रान हाय का त्याला?"

डबा खाताना तेच, जीपमध्ये कोंबून बसल्यावर तेच. एकदा तर मयतीला गेलो होतो, तिरडी बांधणं चाललेलं, आणि हे माझ्या कानाशी: "देशमुख, तुमच्या गोष्टीतला चिन्मय दर सुट्टीत मामाकडं जातो. मामा कावून कधी ह्याच्याकडं येत न्हाई?" मी तोंडाला रुमाल लावला. लोकांना वाटलं, रडतोय.

दिवाळीनंतर आमचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. माझ्या गोष्टीतली मुलं मात्र गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून सरबत पितात. "लई सरबत पितात बघा तुमची पोरं," सर म्हणायचे. "ह्याच्यात आपलं पोरगं कुठं हाय?"

एकदा एसटीत त्यांनी आपणहून सांगितलं. लहानपणी आईबाप ऊस तोडायला फडावर गेले, की पाचटाच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत, हे आणि थोरली बहीण सुमन, दोघंच. एक दिवस चुलीची ठिणगी उडाली, कोपी पेटली. सुमननं ह्यांना पाय धरून फरफटत बाहेर ओढलं. "ही लिहा," म्हणाले. "आन् आक्काचं नाव घाला."

मी लिहिली. कोपीचं फार्महाऊस केलं, सरांचा चिन्मय केला. आणि सुमनला काढून तिच्या जागी टायगर नावाचा कुत्रा घातला. मुलांना कुत्री आवडतात, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे कोपीतली मुलगी पुस्तकात शोभेल, असं मला वाटलंच नव्हतं.

पुस्तक आलं. सरांना प्रत दिली, आणि आता फार्महाऊसचा सातबारा निघणार म्हणून त्यांना चुकवत फिरलो. पण ते काहीच विचारीनात. शेवटी मीच स्टाफरूममध्ये म्हणालो, "वाचलंत का?"

"आक्काला वाचून दाखवलं. तिला कुठं वाचता येतंय? म्हणून मीच बदलत गेलो. कुत्रं आलं, की सुमन म्हणायचो. भुंकला आलं, तितं वरडली म्हणलं. लई रडली. पदरानं पुस्तक पुसलं."

"मग?"

"मग म्हणती, माझं चित्र दाखव." सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चित्रात तर कुत्रं. म्हणलं, पुस्तक शाळेचं हाय, परत द्यायचंय. आता ती लेकासुनंसंगं तोडीवर चाललीय, नातीला सांबाळायला. पोरीला दाखवायला पुस्तक मागती. काय सांगू, देशमुख?"

आक्का पुस्तकाशिवायच तोडीवर गेली.

तिची गोष्ट, तिच्या नावानिशी आणि तिच्या चित्रासकट, मी देणं लागतो. अजून लिहिलेली नाही.