गुरुवारचं मौन

गुरुवार असल्यामुळे सुलोचनाबाई सकाळपासून बोलल्या नव्हत्या. दर गुरुवारी अंघोळीपासून तिन्हीसांजेच्या दिव्यापर्यंत त्यांचं मौन असे. खुणा चालत, पण लिहिणं चालत नसे. लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणंच, असं त्यांचं मत. घरच्यांना याची सवय झाली होती. भाजी कोणती करायची, गॅसवाला आला तर काय सांगायचं, सगळं बुधवारीच ठरून जाई.

या गुरुवारी मात्र सुनेची मुलाखत होती. अनुश्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि तिला पीएचडी करायची होती. दिल्लीच्या एका विद्यापीठानं घरगुती हिंसेच्या अर्थशास्त्रावर संशोधन करायला शिष्यवृत्तीची जागा काढली होती. जागा एकच, आणि वयाच्या अटीत बसायचं अनुश्रीचं हे शेवटचं वर्ष.

"मारहाणीत कसलं गं अर्थशास्त्र?" सुलोचनाबाईंनी बुधवारी विचारलं होतं.

"आई, मार खाऊनही बाई घर का सोडत नाही, असं विचारलं की बात शेवटी तिथंच येते. जाणार कुठे, खाणार काय. ती कमवायला लागली तर मार कमी होतो की वाढतो. शेजारी मध्ये पडले तर काही फरक पडतो का."

सुलोचनाबाईंना ते पटलं. संध्याकाळी जाऊन त्यांनी गावातल्या बड्या गणपतीला लाडू कबूल केले.

मुलाखत दुपारी तीनला, कॉम्प्युटरवर होती. नचिकेतनं बायकोसाठी ऑफिसातून सुट्टी घेतली होती. नचिकेत म्हणजे रिक्षावाल्याला "जरा हळू घ्याल का" म्हणून वर स्वतःच सॉरी म्हणणारा माणूस. तयारीसाठी अनुश्रीनं त्याला परीक्षक केलं.

"जोरात विचार ना. तिथं एक मॅडम फार कडक आहेत म्हणे. तू असा पुचकारत विचारशील तर माझी काय तयारी होणार?"

नचिकेतनं घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. "जवाब दे. तीन वर्षं तुला कोण पोसणार? फुकटचे पैसे आहेत का इथं?"

"बाईच्या हातात पैसा आला की नवऱ्याचा हात उठतो," अनुश्री तडफेनं म्हणाली. "माझ्याकडे पुरावे आहेत."

"कसले पुरावे? दाखव," असं म्हणून नचिकेतनं टेबलावर मूठ आपटली. त्या धक्क्यानं चकलीची स्टीलची ताटली खाली पडली आणि खणखणत बराच वेळ फिरत राहिली.

शेजारच्या द्वारकाबाईंची गॅलरी यांच्या गॅलरीला लागूनच. मध्ये कंबरेएवढी भिंत. पलीकडे मिरच्या वाळत घालणारा द्वारकाबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

थोड्या वेळानं सुलोचनाबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या, तर द्वारकाबाई भिंतीवरून अर्ध्या वाकलेल्या.

"सुलोचनाताई, आज मौन आहे, माहीत आहे मला. नुसती मान हलवा. नचिकेत सुनेला मारतो?"

सुलोचनाबाईंनी इतक्या जोरात नकाराची मान हलवली की कानातल्या कुड्या हलल्या.

"एवढं घाबरू नका. कोणाला सांगणार नाही मी."

तीनला मुलाखत आहे हे सांगावं म्हणून सुलोचनाबाईंनी तीन बोटं दाखवली.

"तीन वर्षं?" द्वारकाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे लग्न झालं तेव्हापासून."

सुलोचनाबाईंनी दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवून कॉम्प्युटर करून दाखवला.

"दोन्ही हातांनी?"

आता काही सांगण्यात अर्थ नाही, आपण जावं, असं वाटून सुलोचनाबाईंनी हात जोडले. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हात नका जोडू ताई. तुम्ही तरी काय करणार, पोटचा पोरगा आहे. पण मौन तुमचं आहे, माझं नाही."

काहीतरी भलतंच झालंय हे सुलोचनाबाईंच्या ध्यानात आलं. त्या आत आल्या, नचिकेतपुढे उभ्या राहिल्या, शेजारच्या घराकडे बोट केलं आणि स्वतःच्या गालावर चापटी मारून दाखवली.

"डास? तिकडून येतात का? थांब, मशीन लावतो," नचिकेत म्हणाला, आणि त्यानं खरंच लावलं.

अनुश्री आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली. त्या खोलीचं दार वाऱ्यानं आपोआप उघडायचं, आणि आतली कडी तुटलेली. म्हणून नचिकेतनं बाहेरून कडी घातली आणि तो खाली फाटकाशी जाऊन उभा राहिला. ठेलेवाला ओरडत आला की इथल्या हिंदीप्रमाणे भैयाचा भिया करून "भिया, जरा हळू" म्हणावं, एवढाच त्याचा हेतू.

पण ठेलेवाल्याच्या आधी भजनी मंडळ आलं. गुरुवारच्या भजनाला जमलेल्या बायका टाळांसकट निघाल्या होत्या. पुढे द्वारकाबाई, आणि त्यांच्याही पुढे यशवर्धनभिया. कुणाच्या नळापासून कुणाच्या वरातीपर्यंत कॉलनीत जिथे काही होईल तिथे यशवर्धनभिया असत.

"भाभीजी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"वर. पण प्लीज, आता कोणी जाऊ नका," नचिकेत अजिजीनं म्हणाला. "आत बंद आहे ती. अजून अर्धा तास तरी काढता नाही येणार."

यशवर्धनभियांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शकल से तो शरीफ लगते थे, भिया."

वर सुलोचनाबाई जपमाळ घेऊन बंद दाराशी बसल्या होत्या. आतून कडक मॅडमचा आवाज येत होता. मॅडम हिंदीत विचारत होत्या, की तुम्ही लिहिलंय, शेजारी मध्ये पडले तर हिंसा कमी होते. पण आजकाल शहरात कोण मध्ये पडतं? लोक दार लावून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. तुमच्या म्हणण्याला आधार काय?

अनुश्री अडखळली. सुलोचनाबाईंचा मणी बोटांत थांबला. जागा हातची चालली, हे त्यांना दाराबाहेरही कळलं.

इतक्यात जिन्यात टाळ वाजले. सुलोचनाबाई हात पसरून दारापुढे उभ्या राहिल्या.

"बघा, बाहेरून कडी," द्वारकाबाई म्हणाल्या. "सरका ताई. आज मी ऐकणार नाही."

यशवर्धनभियांनी कडी काढली आणि सगळं मंडळ खोलीत, म्हणजेच दिल्लीच्या मॅडमपुढे, जाऊन उभं राहिलं. द्वारकाबाईंनी अनुश्रीचा हात धरला.

"चल बेटा, माझ्या घरी चल. हवे तितके दिवस राहा. खायला मी घालीन."

"ये कौन लोग हैं?" पडद्यावरून मॅडमनी विचारलं.

अनुश्रीचा चेहरा पांढरा पडला. सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि त्या पुढे आल्या.

"मॅडम," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "ये हमारे पड़ोसी हैं. बहू को बचाने आए हैं. इसे कोई नहीं मारता, गलती मेरी उँगलियों की है. मगर आप अभी पूछ रही थीं ना, पड़ोसी आते हैं क्या? आ गए हैं. और चाहिए तो बुलाती हूँ."

नचिकेत बायकोला मारतो यावर बायकांचा चटकन विश्वास बसला होता. सुलोचनाबाई गुरुवारी बोलल्या यावर बसेना.

"ताई," द्वारकाबाई पुटपुटल्या, "तुमचं मौन."

मॅडमनी चष्मा काढला, हळूहळू पुसला, पुन्हा चढवला. त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या. "सबको बिठा दीजिए," त्या म्हणाल्या. "अगला सवाल."

उरलेली मुलाखत भजनी मंडळानं पलंगावर दाटीवाटीनं बसून, मांडीवर टाळ घट्ट धरून ऐकली. यशवर्धनभिया प्रत्येक उत्तराला "सही बात" म्हणून मान डोलवत होते. जागा अनुश्रीलाच मिळाली, पण ते कळलं पुढच्या आठवड्यात.

त्या संध्याकाळी सुलोचनाबाई देवापुढे खिन्न होऊन बसल्या होत्या. इतक्या वर्षांत कधी मोडलं नव्हतं ते आज मोडलं. एवढ्यात द्वारकाबाई आल्या. नचिकेतची माफी मागून झाली होती, त्याला मिरच्याही देऊन झाल्या होत्या, तरी त्या दाराशी घुटमळत राहिल्या.

"दिवा लावला नाहीत अजून?"

"लावते आता. मौन तर मोडलंच."

"मग पुन्हा धरा ना. दिव्यापर्यंत."

"आता कशाला हो?"

द्वारकाबाई खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "नुसती ताटली वाजली, आणि मला एवढी खात्री कशी झाली, हे कोणी विचारलंच नाही. पडलेली ताटली वेगळी वाजते ताई, फेकलेली वेगळी. मला पक्की ओळख होती. हे गेल्यापासून ऐकली नव्हती, म्हणून आज चुकले." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "कधी कोणाशी बोलले नाही मी. तुम्ही काही म्हणू नका. फक्त बसा."

सुलोचनाबाईंनी हातातली काडेपेटी खाली ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं. या वेळी खूण बरोबर समजली.

त्या गुरुवारी देवापुढे दिवा बराच उशिरा लागला.