डोमाजीमामांच्या तीन टोपल्या

डोमाजीमामा कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीला कान लावत. माझ्या बहिणीच्या सोयरिकीला गेलो, तेव्हा पाहुण्यांच्या भिंतीलाही लावला आणि होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "पोरगी देऊन राह्यलो खरं, पन तुमची भिंत पोकळ हाय." सोयरीक मोडता मोडता राहिली.

अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावाचे ते पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या धानाला कधी सोडायचं, हे त्यांनी ठरवायचं. पण त्यांचा जीव पाण्यापेक्षा तलावाच्या पाळीत अडकलेला. त्या मातीच्या बांधावर ते दिवसातून दोनदा पालथे पडून कान लावत. "पाळ बोलते," म्हणत. लोक हसत आणि हसता हसता गप्प होत. कारण सगळं गाव पाळीच्या खालच्या अंगाला, आणि पाळ पूर्वी एकदा फुटलेली होती.

मृग लागण्याआधी घरातल्या दर माणसामागे एक टोपली माती पाळीवर टाकायची, ही गावाची रीत. मामा पाळीवर उभे राहून एकेक घर तपासत. माझ्या वहिनीला म्हणाले, "पोटातल्याची बी टोपली आन वं." मालगुजारांनी गडी पाठवला, तर त्याला अडवलं: "हे तुही टोपली झाली. मालकाची कुठं हाय?"

गावात पहिला बी.ए. होणारा मी. गावानेच कौतुकाने नागपूरला धाडलेला. त्या उन्हाळ्यात मी शहाणपणा केला. "मामाजी, तुम्ही तर एकटे. मग तीन टोपल्या काऊन? तुमची मोजणी चुकली."

मामा तिन्ही टोपल्या रिकाम्या करून माती पायाने दाबत राहिले.

श्रावणात मी घरी आलो आणि पावसाने धरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी पाळीच्या माथ्याला हातभर कमी होतं. मामा पालथे पडलेले. भोवती सारा गाव, पण कुणी खोकतही नव्हतं. वहिनी ओली बाळंतीण, बाळासह खाली घरात होती.

"काय आयकू येते, मामाजी?"

"चूप बस, बी.ए.!"

मग एकदम उठले. "खेकड्याचं बीळ. इथंच. तनीस आना, माती आना!"

गावाच्या अंगाला, पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते गढूळ झालं. गढूळ झालं म्हणजे पाळ आतून वाहू लागली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामा तलावाच्या अंगाने छातीभर पाण्यात उतरले, पायाने बीळ चाचपलं. आम्ही हातोहात तणसाच्या पेंढ्या आणि चिखल देत गेलो. दिवस मावळताना खालचं पाणी निवळलं. माणसं बसल्या जागी रडली.

मामा मात्र कुडकुडत पुन्हा पाळीला कान लावून होते.

"आता काय आयकून राह्यले?"

"मांगं फुटली, तवा बी असाच आवाज आला होता गा. मी म्हटलं, बेडूक असन." पाळीवरचा कान न उचलता म्हणाले, "घरी बायको रांधून राह्यली होती. लहानी पोरगी चुलीपाशीच."

पुढच्या मृगाआधी मामांचे गुडघे गेले होते. चिंचेखाली बसून ते नुसते बघत होते. मी माझी टोपली टाकली, मग त्यांच्या उचलल्या. तिसरी उतारावर ओतणार, तोच ते ओरडले,

"थांब गा! ते लहानीची हाय. वर टाक. ते पान्याले भेते."