शिल्लक राहिलेला वॉशर

विमान उडवणे आणि विमान बाळगणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी नीट साधली की पहिलीची गरज उरत नाही. पक्ष्यांना हे अजून कळलेले नाही, म्हणून ते बिचारे सारखे उडत असतात.

बाईंना ते फार लवकर कळले. बाई वजने तपासण्याच्या प्रयोगशाळेत होत्या. दुकानातला किलो खरोखरच किलो आहे की नाही, हे ज्या किलोशी ताडून बघतात तो किलो त्यांच्या ताब्यात असे. त्याला बोट लावायचे नाही, चिमट्याने उचलायचा, जवळ गेल्यावर श्वास सोडायचा नाही. निम्मे आयुष्य असा श्वास आवरून काढल्यावर सहकारी त्यांना पाठीमागे मिलिग्रॅमबाई म्हणू लागले. बाईंना ते माहीत होते आणि त्यात त्यांना काही चुकीचे दिसले नव्हते. (एकक बरोबर होते.)

पन्नाशीच्या सुमाराला त्यांनी एक दोन आसनी, हलके विमान घेतले. हौस म्हणून नव्हे. कोणी विचारलेच तर त्या सांगत, "बाबांना नदी दाखवायचीय."

बाबा सर्वेक्षण खात्यात होते. उभी तरुणाई त्यांनी साखळी टाकत, खांब रोवत एका नदीच्या काठाने चालण्यात घालवली होती आणि तिचा नकाशा काढला होता. नकाशात नदी वरून दिसते. बाबांनी ती जन्मभर बाजूने पाहिली होती, तीही गुडघाभर चिखलातून. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक करडा ठिपका बसला होता आणि तो सावकाश पसरत होता. कडेकडेने दिसायचे. डॉक्टर म्हणाले होते, काय बघायचे असेल ते लवकर बघून घ्या. बाबांना एकच गोष्ट बघायची होती.

म्हणून दर रविवारी बाई बाबांना घेऊन गावाबाहेरच्या धावपट्टीवर जात. विमानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका घडीच्या खुर्चीवर बाबांना बसवत, त्यांच्या हातात थर्मास देत आणि म्हणत, "बाबा, जरा बसा हं. नजर टाकते आणि निघूच."

नजर टाकण्याची पद्धत येणेप्रमाणे होती. प्रथम विमानावरचे कापड काढायचे. मग कापड तपासायचे, कारण फाटक्या कापडातून धूळ आत गेली असल्यास पुढची तपासणी व्यर्थ. मग इंजिनाचे झाकण उघडायचे आणि पंखा हाताने फिरवत राहायचा, जोवर तेलाच्या टाकीतून गुडगुड असा आवाज येत नाही तोवर. याला ढेकर काढणे म्हणतात. तान्ह्या बाळाची आणि या जातीच्या इंजिनाची ढेकर निघाल्याशिवाय पोटात नेमके किती गेले ते कळत नाही. शेजारच्या शेडमध्ये स्वतःचे विमान ठेवणारे एक बेकरीवाले गृहस्थ एका ढेकरेवर समाधान मानत. बाई तीन काढत आणि सरासरी घेत.

यानंतर नटांची पाळी. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर लाल रंगाची बारीक रेघ ओढलेली असते; नट सरकला तर रेघ तुटते. रेघ शाबूत म्हणजे नट शाबूत, असे सामान्य माणूस समजतो. बाईंचे म्हणणे असे की यातून फक्त रेघ शाबूत असल्याचे सिद्ध होते. तेव्हा नट सोडवायचा, पाहायचा, पुन्हा आवळायचा आणि नवी रेघ ओढायची. नुकताच आवळलेला नट अर्थातच जास्त संशयास्पद असतो. जे उघडले ते तपासावे लागते आणि तपासायला उघडावे लागते. बाहेरून पाहणारे याला वेड म्हणतात. आतून पाहणारे सुरक्षितता म्हणतात, आणि बाई आत होत्या.

पहिल्या वर्षाचा हिशोब असा: एका तासाच्या उड्डाणामागे सदतीस तासांची निगा. (यात हात धुण्याचा वेळ धरलेला नाही.) उड्डाणे बाई एकट्याच करत, चाचणीपुरती, धावपट्टीला एक फेरी मारून. दुसऱ्या वर्षी उड्डाण शून्यावर आले. शून्याने भागता येत नाही, म्हणून हिशोब थांबवावा लागला. त्या वर्षी विमानात एकही दोष आढळला नाही, ही गोष्ट मात्र नमूद करण्यासारखी आहे.

बेकरीवाल्यांचे विमान दिसले की बाई तोंड फिरवत. बैठकीला चिकटपट्टी, काचेच्या कडेला पीठ, आणि आकार केवळ सवयीने टिकलेला. ते वर्षातून एकदा मिस्त्रीला विमान दाखवत, मिस्त्री सांगेल ते करत आणि दर रविवारी दोन चकरा मारून येत.

"काय मॅडम, आज तरी?" ते उतरता उतरता विचारत.

"बहुतेक पुढच्या रविवारी."

"आजोबांना मी नेऊन आणू का? उगाच ताटकळतायत."

"छे हो," बाबाच परस्पर सांगत. "घरचं विमान असताना मी लोकांच्या विमानात बसू? चारचौघांत पोरीचं नाक कापायचं का? आणि ही खुर्ची काय वाईट आहे? थोडी डुगडुगते एवढंच."

"बाबा, हलू नका ना," बाई विमानाखालून म्हणत. "टाकी गुडगुडली की तुम्ही डुगडुगलात ते मला कळत नाही."

मग तो रविवार आला. हवा स्वच्छ, वारा मंद, ढेकरांची सरासरी उत्तम. बाईंनी इंजिनाचे झाकण बसवले, हत्यारे मोजून ठेवली आणि निघायचे म्हणून बाबांना हात देणार, तो पायाखाली काहीतरी वाजले. जमिनीवर एक वॉशर पडला होता. नटाखाली बसते ती एवढीशी चकती.

बाई मटकन खाली बसल्या. (बसायला दुसरी खुर्ची नव्हती.)

विमानाखाली सापडलेला वॉशर विमानाचा असतो, हे उघड होते. कुठला, एवढेच शोधायचे होते. बाईंनी तो चिमट्याने उचलून प्रयोगशाळेत नेला आणि किलोच्या शेजारच्या काट्यावर तोलला. त्याचे वजन विमानातल्या कुठल्याही जातीच्या वॉशरशी जुळेना. दुसऱ्या कोणी यावरून वॉशर विमानाचा नाही असे म्हटले असते. बाईंनी असा निष्कर्ष काढला की विमानातल्या एका वॉशरची भयंकर झीज झाली आहे.

त्यांनी विमान उघडायला घेतले. आधी इंजिन, मग चाके, मग शेपूट, मग बैठक. मिस्त्री येऊन पाहून गेला.

"मॅडम, सगळ्या जागी वॉशर आहेत की!"

"म्हणूनच काळजी वाटतेय," बाई म्हणाल्या.

मिस्त्री हात जोडून निघून गेला.

एव्हाना बाबांना वर्तमानपत्रातले मथळे दिसेनासे झाले होते. नंतर घड्याळ गेले. मग एका सकाळी त्यांनी दारात उभ्या असलेल्या बाईंना "कोण आहे?" असे विचारले आणि लगेच, "तूच ना, कळलं मला, गंमत केली," असे म्हणाले. बाईंनी त्या रविवारी शेपूट दुसऱ्यांदा उघडली. हात कशात तरी गुंतलेला बरा असतो.

पुढच्या रविवारी शेडमध्ये मोठा आवाज झाला. खुर्चीचा मागचा पाय निखळला होता आणि बाबा थर्माससकट जमिनीवर आले होते. बेकरीवाले धावत आले. बाई पंखाखालून सरपटत बाहेर आल्या.

"लागलं का बाबा?"

"नाही गं. थांब." बाबांनी बसल्या बसल्या खुर्चीचा पाय ओढून घेतला आणि बोटांनी चाचपला. "इथला बोल्ट नुसताच आहे. अगं, याच्याखालची चकती कुठाय?"

बेकरीवाल्यांना अचानक छपराचे पत्रे बारकाईने पाहावेसे वाटले.

बाईंनी खिशातून लहानशी डबी काढली, डबीतून कापूस, कापसातून वॉशर. खुर्चीच्या पायात तो बरोबर बसला. त्यांनी नट आवळला आणि सवयीने त्यावर लाल रेघ ओढली. मग विमानाची शेपूट बंद केली, मिस्त्रीला बोलावून त्याच्याकडून सगळे पाहून घेतले, आणि वर्षात पहिल्यांदाच त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

"एकच ढेकर?" बेकरीवाल्यांनी न राहवून विचारले.

"पुरे झाली," बाई म्हणाल्या.

विमान उडाले. या प्रसंगी विमानाने कोणतेही आश्चर्य दाखवले नाही.

"दिसली का गं?" बाबांनी विचारले.

"तेलाचं तापमान नव्वद," बाई म्हणाल्या. "दाब व्यवस्थित आहे."

"नदी, नदी."

विमान बाळगल्यापासून बाईंनी वरून खाली कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी पाहिले. "तुमच्या उजव्या हाताला, बाबा. थोडी पुढे."

बाबांनी मान डावीकडे, बाईंकडे वळवली.

"इकडे नाही हो, तिकडे!"

"माहितेय. सरळ बघितलं तर ठिपकाच दिसतो. तुझ्याकडे बघितलं की ती कडेला येते." ते थोडा वेळ तसेच बघत राहिले. "पांढरट पट्टा आहे. पुढचं नाही लागत. तू सांग."

"टेकडीपाशी साधारण सत्तर अंशांनी वळते..."

"अंश मीच मोजलेत. कशी दिसते ते सांग."

बाईंना या कामाचा अनुभव नव्हता. "तुमच्या नकाशासारखी," त्या शेवटी म्हणाल्या.

बाबा खूश झाले. त्या भरात ते थोडे हलले, आणि बाई काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, तुमच्याकडे विमान नसल्याने तुम्ही निश्चिंत असाल. या पद्धतीला विमान लागत नाही. पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्या, निवांत वेळ मिळाल्यावर करायचा फोन, सगळे नीट लागले की निघायची सहल, कशावरही ती तितकीच चालते, आणि तुम्ही बाईंपेक्षा कितीतरी जास्त वर्षे ती चालवत आला आहात. आताही "एवढी गोष्ट वाचतो आणि उठतोच" असे कोणाला तरी सांगून तुम्ही बसला असाल. ते माणूस ज्या खुर्चीवर बसले आहे, ती डुगडुगते.