गाडीचा मोकळा श्वास

सासरे आणि सासूबाई बसने दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि जावयाने अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडलं.

जावई चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचा. दिवसभर बारीक स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला जगातला कुठलाही स्क्रू आपलं ऐकेल असं वाटायला लागतं. गाडी सासऱ्यांची, जुनी पण नीट राखलेली. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकांइतकीच माया या गाडीला लावली होती. "आजकाल चढावर दमते बिचारी," असं ते गेल्या खेपेला जेवताना म्हणाले होते. सासूबाईंनी चमकून वर पाहिलं, तेव्हा ते गाडीबद्दल बोलत असल्याचा खुलासा त्यांना करावा लागला. जावयाने ते वाक्य मनावर घेतलं. या वेळी तो कपड्यांच्या बॅगेत एक चकचकीत पाइप आणि लाल शंकूसारखा एअर फिल्टर लपवूनच आला होता.

"फिल्टरचा जुना डबा काढायचा, हा पाइप लावायचा," त्याने बायकोला समजावलं. "इंजिनाला भरपूर हवा मिळते. गाडी मोकळा श्वास घेते."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

बायकोने एकदा त्याच्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि ती दाण्याला आलेल्या चिमण्या बघत पायरीवर बसून राहिली.

जुना काळा डबा काही केल्या हलेना. जावयाने पान्याने उचकटला, तेव्हा तो निघाला खरा, पण त्याचे दोन कान तुटून हातात आले. इंजिनाच्या उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून त्याने तिथे एक फडकं कोंबलं. मग नवा पाइप नीट दिसावा म्हणून तो एक पाऊल मागे सरकला, आणि पाय बरोबर डब्यावर पडला. कडाड्!

"परत नको बसवायला," तो म्हणाला. "नवा आहेच."

पाइप बसला, क्लॅम्प आवळले, किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"ते फडकं कुठंय रे?" बायकोने पायरीवरूनच विचारलं.

जावयाचा चेहरा पडला. सगळं पुन्हा उघडून त्याने इंजिनाच्या घशातून फडकं ओढून काढलं.

"गाडीला श्वास घेता येत नव्हता," बायको शांतपणे म्हणाली, "म्हणून तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास."

या वेळी गाडी सुरू झाली. जावयाने अॅक्सिलरेटर दाबला मात्र, बॉनेटखालून अशी डरकाळी उठली की चिमण्या उडाल्या आणि समोरच्या घराची खिडकी बंद झाली.

"ऐकलंस? मोकळा श्वास!"

"श्वास नाही, घोरतेय ती."

काढून टाकावं म्हटलं, तर जुन्या डब्याचा चुरा झालेला. बाबा आले की सांगून टाकू, असं जावयाने ठरवलं. पण सासरे घाईतच आले. ग्रंथालयातले त्यांचे एक जुने सहकारी वारले होते, संध्याकाळी शोकसभा होती आणि त्यांना बोलायचं होतं. सगळ्यांना गाडीत बसवून त्यांनी गल्ली ओलांडली, आणि दुसऱ्या गिअरला डरकाळी सुरू झाली.

"हे काय होतंय?" सासरे दचकले.

बायकोने जावयाकडे रोखून पाहिलं. जावयाने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं, "जुनी गाडी आहे, बाबा. व्हायचंच."

सभागृह उंचावर, फाटकापाशी उभा चढ. उशीर झालेला. सासऱ्यांनी पहिल्या गिअरमध्ये जोर लावला आणि गाडी गर्जत आत शिरली. सभागृहाची दारं सताड उघडी होती. आत सगळी माणसं माना खाली घालून स्तब्ध उभी होती. त्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

सासरे भाषणाला उभे राहिले. "आधी क्षमा मागतो," ते म्हणाले. "सकाळी गाडीत मीच तेल ओतलं. बहुधा जास्त झालं. आयुष्यभर लोकांना शांतता राखा म्हणत आलो, आणि आज माझ्या मित्राला दोन मिनिटंसुद्धा देऊ शकलो नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं जावयाला झालं.

"ऊठ, सांग," बायको कुजबुजली.

"आत्ता?"

"मग कधी? बाबांच्या शोकसभेत?"

तो अर्धवट उठला. खुर्ची करकरली, चार जणांनी वळून पाहिलं, आणि तो पुन्हा बसला.

परतताना सासरे त्या गर्जनेवर आवाज चढवून बोलत होते. "उद्या तुम्ही निघताना गाडीची किल्ली तुमच्या हातावर ठेवणार होतो! पण बिघडवलेली वस्तू लेकीला कशी देऊ? भंगारवाल्याला बोलावतो!"

"बाबा, तेलाने नाही झालं!"

"काय?"

"तेलाने नाही! तुमचा डबा मी मोडला!"

"ऐकू येत नाहीये!"

नेमका सिग्नल लागला. सासऱ्यांनी पाय उचलला, गाडी शांत झाली आणि त्या शांततेत जावयाचा आवाज चौकभर घुमला, "मी तुमच्याशी खोटं बोललो!"

शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर केली.

घरी आल्यावर सोफ्यावर टेकून सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या तेलाने काही झालं नव्हतं?"

"नाही, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फोन उचलला. "नमस्कार. मघाशी माफी मागितली ना, ती परत घेतो. माझा दोष नव्हता... हो, जावई... तोच, चष्मेवाला." एक फोन झाला, दुसरा झाला. सभेला आलेल्या एकालाही त्यांनी सोडलं नाही. जावई समोर बसून ऐकत होता. उठून जायची सोय नव्हती. शेवटी सासऱ्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. "वहिनींना तुमच्याशी बोलायचंय."

वहिनी म्हणजे गेलेल्या सहकाऱ्यांच्या पत्नी. जावई ताडकन उभा राहिला.

"काकू, माझं चुकलं."

"चुकलंच," पलीकडून आवाज आला. "आमच्या ह्यांची मोटरसायकल अशीच बोंबलायची. आज मान खाली घालून उभी होते, तर क्षणभर वाटलं, आले वाटतं. नेहमीसारखे उशिरा."

फोन परत देताना जावयाने सासऱ्यांकडे पाहिलंही नाही.

सकाळी सासऱ्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "गाडी तुमची. पण या गल्लीत सुरू करायची नाही. मला इथे राहायचंय."

बायको स्टीअरिंगवर बसली, आणि जावई मागून ढकलू लागला. समोरच्या घरातल्या बाई झाडांना पाणी घालता घालता थांबल्या.

"बंद पडली का हो?"

"नाही," जावई मान खाली घालून म्हणाला, "उत्तम चालते," आणि ढकलत राहिला.