आडवे काढा, उभे नकोत

लेकीचा फोन आला तेव्हा माईंचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं, आणि पुढे जे काही झालं त्याचं खापर त्या अजूनही दुधावरच फोडतात.

"आई, तुम्ही दोघं आत्याआजीच्या घरातल्या सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला हवेत," लेक म्हणाली. ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होती आणि तिच्यामागे कोणीतरी सारखं दार आपटत होतं.

"सगळे?"

"सगळे. एकेका खोलीचे पाच-सहा तरी काढा."

"अगं, पाच-सहा काय, बाहेरच्या खोलीचेच एकोणीस होतील."

"मग तर छानच. मी त्यातले निवडून टाकते."

दूध वर येताना माईंना दिसत होतं, पण हात हलेना. "टाकतेस?"

"मग? टाकल्याशिवाय लोक यायचे कसे? आणि हे बघ, दिवसाउजेडी काढा. कोपऱ्यात उभं राहून काढा, म्हणजे खोली मोठी दिसते. आडवे काढा, उभे नकोत. न्हाणीघराचा पण एक काढा, लोक तोच आधी बघतात. काढले की लगेच पाठवून द्या. चल, ठेवते, साहेब शोधतायत."

दूध उतू गेलं.

लेकीची आत्याआजी म्हणजे आत्याबाई, माईंच्या यजमानांची, नानांची, आत्या. जन्मभर त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, "मला दरवर्षी चाळीस मुलं होतात, आणखी कशाला?" वर्षाच्या शेवटी वर्गाचा एक फोटो निघायचा. मधोमध खुर्चीत आत्याबाई, हात मांडीवर, पण मनगटावरचं घड्याळ दिसेल अशा बेताने. अडतीस वर्षांचे असे अडतीस फोटो त्यांच्या घरात टांगलेले होते : बाहेरच्या खोलीत एकोणीस, आतल्या खोलीत चौदा आणि स्वयंपाकघरात पाच. माई नव्या नवरी होत्या तेव्हा याच घराच्या अंगणात आत्याबाईंनी त्यांना सायकल शिकवली होती. पुढेही दुपारची कामं आटोपली की माई शेजारच्या गल्लीतून इथे यायच्या आणि नुसत्या बसायच्या. नुसतं बसलेल्या बाईला 'काय करतेस' असं न विचारणारं त्यांच्या माहितीतलं ते एकमेव घर होतं.

आत्याबाई गेल्या आणि घर तिघा भाच्यांच्या नावावर झालं. नानांचे दोघे भाऊ लांब राहत. त्यांचं म्हणणं, घर शेजारच्या दातांच्या डॉक्टरला देऊन टाकावं. डॉक्टरला ते पाडून पेशंटच्या गाड्या लावायला जागा करायची होती, आणि कागद तयार ठेवून तो वाट बघत होता. लेकीने मध्ये पडून सुचवलं की चार-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना घर भाड्याने देऊ. भाऊ म्हणाले, रविवारपर्यंत जाहिरात लागली तर महिनाभर बघू, नाहीतर सोमवारी डॉक्टरला होकार कळवू.

म्हणून माईंनी डोळे पुसले आणि नानांना सांगितलं, "आत्याबाईंचे फोटो काढायचेत. ती टाकणार आहे म्हणे."

नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. पाइपांचे नकाशे काढण्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते नीट समजून घेऊन मगच चुकीची करत.

"टाकणार म्हणजे काय? आत्याचे फोटो?"

"निवडून टाकणार आहे. परक्या माणसांना दुसऱ्यांची माणसं नको असतात हो भिंतीवर. हॉटेलात असतात का? फोटो निघाले की खोली मोठी दिसते म्हणाली. आणि कोपऱ्यात उभं राहून काढायचेत."

"ते खरं आहे," नानांना मानावं लागलं. "पण कोपऱ्यात उभं राहून का काढायचे?"

"आता ते मी काय सांगू? काढा कोपऱ्यातून."

शुक्रवारी सकाळी नानांनी कोपऱ्यात स्टूल मांडलं आणि तिथून सुरुवात केली. ते एकेक फोटो उतरवून द्यायचे, माई पदराने काच पुसायच्या आणि आडवा ठेवायच्या. एखादा उभा राहिला की नाना वरून ओरडायचे, "उभे नकोत म्हणालीय ना?"

दुपारपर्यंत भिंती मोकळ्या झाल्या आणि दोघंही बघत राहिली. भिंतींचा रंग कधीकाळी हिरवा होता हे सगळेच विसरले होते. उन्हाने आणि धुराने तो चहासारखा झाला होता. पण फोटोंच्या मागे तो जसाच्या तसा राहिला होता. मळक्या भिंतीवर हिरवेगार चौकोन, काही मोठे, काही लहान, दोन-तीन चक्क तिरपे.

"सदऱ्याला ठिगळं लावावीत तशी दिसतेय," नाना म्हणाले.

"रंग द्यायला वेळ नाही. असू दे."

सदतीस फोटो चार खोक्यांत भरले गेले. अडतिसावा नानांचाच होता. नानाही आत्याबाईंच्याच वर्गात होते. फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटल्यावर चाळीसांतल्या एकोणचाळीस पोरांनी डोळे उघडे ठेवले. पहिल्या रांगेतल्या, गुडघ्याला पट्टी बांधलेल्या नानांनी ते घट्ट मिटले.

"हा टाकला तरी चालेल," नाना म्हणाले.

निवडून टाकायचे म्हटल्यावर पहिला हाच जाणार, हे माईंना दिसत होतं. नाना खोकी बांधायला दोरी शोधत होते तेवढ्यात त्यांनी तो फोटो आपल्या पिशवीत सरकवला.

संध्याकाळी कुरियरवाला आला. नानांनी त्याला प्रत्येक खोकं आडवंच उचलायला लावलं.

शनिवारी दुपार कलल्यावर माईंना आठवलं. "अहो, न्हाणीघरातला राहिला."

"न्हाणीघरात कोणाचा फोटो असणार?"

"एक आहे म्हणाली. लोक तोच आधी बघतात."

दोघांनी न्हाणीघर शोधलं. दारामागे बघितलं, बादली हलवून बघितली. भिंतीवर टांगलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे आरसा.

"लोक आधी बघतात म्हणजे आरसाच असणार," नाना म्हणाले. आरसा सहज उतरला. पण खिळा राहिला, आणि खिळा ठेवून गेलो तर काम अर्धं केलं असं झालं असतं. नानांनी पकड लावली आणि ओढला.

भिंतीतून पाण्याची धार निघाली आणि नानांच्या चष्म्यावर बसली.

"पाइप," माई म्हणाल्या.

"या भिंतीत पाइप नाही," चष्म्यातून पाणी गळत असताना नाना म्हणाले. "या गल्लीचा नकाशा मी काढलाय."

"मग हे काय येतंय?"

तीस वर्षांपूर्वी तो खिळा नानांनीच ठोकला होता. बरोबर पाइपात ठोकला होता, आणि त्या खिळ्यानेच आजवर भोक बुजवून धरलं होतं. आता नाना भोकावर अंगठा धरून उभे राहिले आणि माई अंगणात धावल्या. पाण्याची मोठी चावी तिथे होती. ती त्यांनी घट्ट फिरवली.

चावी दोन घरांना मिळून एक होती. पाचच मिनिटांत दातांचा डॉक्टर दारात उभा राहिला, कपाळावर दिवा तसाच. त्याच्यामागे गळ्यात निळा कागद बांधलेला, एक गाल सुजलेला पेशंट होता.

"नाना, माझ्याकडे माणूस तोंडात औषध घेऊन बसलाय, आणि चूळ भरायला थेंब नाही."

"फाणी कुतं गेलं?" पेशंटने विचारलं. त्याचं निम्मं तोंड बधिर होतं.

नानांनी अंगठा काढून दाखवला. चावी बंद असल्याने भोकातून आता नुसता एक थेंब ओघळला. डॉक्टरने दिवा लावून आत डोकावलं. भोक दिसल्यावर त्याच्यातला शेजारी मागे पडला आणि डॉक्टर पुढे आला.

"कीड नाहीये. नुसती पोकळी आहे. भरून टाकू."

दवाखान्यातून तो दातात भरायचं सिमेंट घेऊन आला. माईंनी कापडाने भोक कोरडं केलं, त्याने सिमेंट दाबून भरलं, वरून नानांचाच खिळा बसवला आणि बोटाने कडा गुळगुळीत केली. "दोन तास या बाजूने काही चावायचं नाही," तो सवयीने म्हणाला. मग स्वतःच जरा ओशाळला.

तेवढ्यात माईंचा फोन वाजला.

"आई, फोटो कुठायत?"

"पाठवले की कालच."

"माझ्याकडे एकही आला नाही."

"येतील गं. चार खोकी आहेत, वेळ लागणारच."

"कसली खोकी?"

"फोटोंची. सदतीस काढलेत. सगळे आडवे. तुला टाकायचेत ते टाक, पण आत्याबाईंचा एखादा तरी ठेव म्हणजे झालं."

"आई," लेक अगदी हळू म्हणाली, "मोबाईलने काढायचे होते."

"मोबाईलने खिळ्यावरून कसे निघतील?"

"अगं, घराचे. घराचे फोटो काढायचे होते. भिंतीवरचे नाही. मी ते वेबसाइटवर टाकणार होते. जाहिरातीत."

माई ओल्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे तू फेकणार नव्हतीस?"

"आत्याआजीचे फोटो मी फेकीन? काय समजतेस तू मला?"

माईंना आधी इतकं हलकं वाटलं की आपण हसतोय हे त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. उजेड तासाभराचा होता. भिंतींवर ठिगळं होती, न्हाणीघरात तळं होतं, आणि ज्याला घर हवं होतं तो माणूस दारात हात पुसत उभा होता.

नानांनी मोबाईल काढला. कोपऱ्यात उभं राहून, आडवा धरून त्यांनी सात फोटो काढले. सातही फोटोंत त्यांचा अंगठा होता. दोन फोटोंत तर दुसरं काहीच नव्हतं.

डॉक्टरला ते बघवेना. सिमेंट सुकल्याशिवाय चावी उघडायची नव्हती, त्यामुळे त्याला काही कामही नव्हतं. "द्या इकडे. किंवा नको, थांबा." तो दवाखान्यातून स्वतःचा कॅमेरा घेऊन आला. दातांचे फोटो काढायचा, पुढे गोल दिवा असलेला. "घर विकायचं म्हटल्यावर भावांना फोटो दाखवायला लागणारच."

माई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. "तुमच्यासारखं नीट कोण काढणार?" एवढंच म्हणाल्या.

मग डॉक्टर हटेना. "खिडकी उघडा. आणखी मोठी. आणखी. तसंच धरा, हलू नका, झालंच." पेशंट पडदा बाजूला धरून उभा होता. "दुखलं तर हात वर करा," डॉक्टरने त्याला सांगितलं. पेशंटने हात वर केला, पण तो पडदा धरलेलाच हात होता म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी न्हाणीघर. तिथे करड्या सिमेंटचा गोळा आणि मधोमध खिळा. आरसा लावावा तर खिळ्याला अजून वजन सोसलं नसतं. माईंनी पिशवीतून अडतिसावा फोटो काढला आणि हलकेच टांगला. गोळा झाकला गेला.

"हा तुझ्याकडे कसा?" नाना म्हणाले.

"न्हाणीघरात डोळे मिटलेला मुलगा असलेला बरा," माई म्हणाल्या.

डॉक्टरने सगळे फोटो आपल्या हाताने लेकीच्या नंबरवर पाठवले. रात्री जेवणं व्हायच्या आत जाहिरात लागली. रविवारी दोघा भावांनी ती बघितली आणि महिनाभर बघू म्हणाले. डॉक्टर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन त्याने विचारलं, "फोटो कोणी काढले ते लिहिलंय का खाली? नाही ना? लिहायला सांगा."

पुढच्या आठवड्यात चारही खोकी परत आली. दोन दिवस खपून नाना-माईंनी सदतीसच्या सदतीस फोटो आपापल्या हिरव्या चौकोनांवर टांगले. शेवटचा खिळ्यावर बसतो न बसतो तोच लेकीचा फोन.

"आई, पहिले पाहुणे येतायत. आज चारला. नवरा-बायको आहेत, दोघंही घरांच्या सजावटीचं काम करतात. त्यांनी विचारलंय, त्या भिंती फोटोत आहेत तशाच आहेत ना? त्या हिरव्या चौकोनांसाठीच येतोय म्हणाले. इतका धीट विचार कोणी केला, तेही विचारलंय."

माईंनी भिंतीकडे पाहिलं. आत्याबाई सदतीस खुर्च्यांत बसून त्यांच्याकडे बघत होत्या. घड्याळात एक वाजला होता.

"अहो," माई म्हणाल्या, "फोटो काढा."

नाना तत्परतेने कोपऱ्यात गेले, मोबाईल आडवा धरला आणि अंगठा मुद्दाम पाठीमागे नेला.

त्या पाहुण्यांनी जाताना वहीत लिहिलं की भिंती फार सुंदर आहेत आणि न्हाणीघरातला मुलगा फार सभ्य आहे. त्यांच्या मागून आणखी लोक आले आणि महिना कधीच उलटून गेला. पाहुणे निघाले की माई सदतीस फोटो पुन्हा लावतात, आणि घर रिकामं असेल त्या दुपारी तिथे जाऊन नुसत्या बसतात. नवे पाहुणे यायचे असले की सकाळी हाक मारतात, "अहो, फोटो काढा."

नाना आता घाई करत नाहीत. ते आधी विचारतात, "भिंतीवरचे, की भिंतीचे?"