मी डिश काढायला निघालो

निर्णय घ्यावा तर आमच्यासारख्यानं! झेंडू आज तोडायचा की उद्या, शेवंती अमरावतीला न्यायची की अचलपूरला, हे मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवतो. वलगावात लोक मला सल्ला विचारायला येतात. जे येत नाहीत, त्यांना मी घरी जाऊन देतो!

तर त्या दिवशी मी ठरवलं, टीव्हीची डिश बंद!

आमच्याकडे सगळ्यात मोठं पॅकेज. आमच्या गल्लीत पहिलं! घेतलं तेव्हा मी आठवडाभर छाती काढून फिरलो होतो. पण परवा रिचार्ज भरला आणि कच्चं कारलं चावल्यासारखं तोंड झालं. म्हटलं, एवढ्या पैशात आपण बघतो तरी काय? बसलो रिमोट घेऊन. तमिळ, बंगाली, भोजपुरी... एका चॅनेलवर एक गोरा माणूस मासे पकडत होता आणि परत पाण्यात सोडत होता. अरे, सोडायचेच होते तर धरले काहून? आणि त्याचे पैसे मी भरू?

बायको, सत्यभामा, माहेरी अकोल्याला गेली होती. मोका बरा होता. ती असती तर चर्चा झाली असती, आणि चर्चा झाली की चांगला निर्णय नासतो.

आमच्या अंगणात फोनला रेंज एकाच जागी येते, केशरबाईच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की. केशरबाई आमची शेजारीण. कान असे, की मोर्शीत वाटी पडली तर ही वलगावात बसून सांगेल, कोणाची!

मी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"सर, इतक्या वर्षांची साथ आहे आपली. का सोडताय?"

"जुनी झाली म्हणूनच!" मी ओरडलो. रेंज कमी असली की मी आवाज वाढवतो. "पयले लय हौस होती. आता नुसता खर्च! आन् ढग आले का तोंड फिरवते!"

"सर, आमची छोटी स्कीम घ्या ना. नवीनच आली आहे."

"नवी? दिसाले कशी हाय?"

"एकदम क्लिअर, सर!"

"पाहू मंग. पन पयले जुनीले घेऊन जा. मले घरात गडबड नाई पायजे!"

फोन ठेवला. भिंतीपलीकडे काहीतरी धपकन पडलं. मांजर असेल, म्हटलं.

मग मी स्वतःच टीव्हीचा बॉक्स काढला, वायर गुंडाळली, पिशवीत भरून ठेवली. काम म्हणजे काम!

दुपारी हार गुंफणाऱ्या बायका आल्या. आमच्या फुलांचे हार सत्यभामा त्यांच्याकडून करवून घेते. समोरच्या खोलीत टोपल्या मांडून बसतात, सुई-दोरा चालू, टीव्ही चालू. त्यांनी काळा पडदा पाहिला.

"काहून वो वामनभाऊ, टीवी बिघडला?"

"काढला!" मी ऐटीत म्हणालो.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, सुया पदराला टोचल्या आणि रांगेनं केशरबाईकडे निघून गेल्या. आणि दुसऱ्याच दिवशी अचलपूरच्या लग्नाचे हार द्यायचे! टोपल्याभर फुलं आणि मी. एक हार गुंफला. तो नवरदेवाच्या गळ्यात घातला असता, तर वरात तिथूनच परत गेली असती.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर, आवाज तुटक.

"वामनराव का? आयकलं ते खरं हाय?"

कंपनीचा माणूस! काय सर्विस! "खरं म्हंजे? पक्कं हाय! कधी येता?"

"सकायीच येतो! तिघं-चौघं येतो!"

"एवढे कायले? एकटा मानूस उचलून नेईन तिले. मी दोरी काढून ठेवतो!"

फोन कट. गेली रेंज.

सकाळी दारात गाडी थांबली. मी दोरी घेऊन पळत बाहेर आलो. गाडीतून उतरले किसनराव, सत्यभामाचे थोरले भाऊ, मान बैलासारखी. त्यांच्या मागून अकोल्याच्या भावकीतले दोन म्हातारे. आणि त्यांच्या मागून सत्यभामा!

"जवाईबुवा," किसनराव म्हणाले, "कोठी हाय ते दोरी?"

"हे काय!" मी वर करून दाखवली.

दोन्ही म्हातारे मटकन ओट्यावर बसले.

सत्यभामा पुढे आली. "मी जुनी झाली? ढग आले का तोंड फिरवतो मी? आन् ते नवी कोन हाय? काढा बाहेर, पाहू द्या मले!"

भिंतीवरून केशरबाईचं डोकं वर आलं. माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फक्त बोट वर केलं. "ते... ते वर हाय!"

"गच्चीवर ठेवली?" एक म्हातारा किंचाळला.

"डिश!" मी ओरडलो. "टीवीची डिश!"

सगळ्यांनी वर पाहिलं. गच्चीवर आमची गंजलेली डिश आभाळाकडे तोंड करून बसली होती, तिच्यावर एक कबूतर. किसनराव असे हसले, की गाडीच्या बोनेटला धरून उभं राहावं लागलं. केशरबाईचं डोकं हळूच खाली गेलं.

सत्यभामा मात्र हसली नाही. ती आत गेली होती. तिला कोमेजायला लागलेली फुलं दिसली. आणि माझा हार दिसला.

"हे काय हाय?"

"हार."

"कोनी केला?"

मी तो पाठीमागे लपवला.

"बाया कोठी हायत?"

"टीवी नाई म्हनून गेल्या... केशरबाईकडे."

ती ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. "आवो, रोजी तं त्यायले कोनीबी देते. आपल्या घरी त्या सिरियलीसाठी येतात. आपले हार अमरावतीत नाव काढतात ना? ते त्या डिशच्या भरवशावर! मले एक डाव इचारलं असतं तं?"

मी तिथल्या तिथे निर्णय घेतला, डिश ठेवायची! तोंड उघडणार, इतक्यात कंपनीचा खरा माणूस फटफटीवरून आला.

"सत्यभामाबाई कोण? कनेक्शन त्यांच्या नावावर आहे. बंद करायला त्यांची सही लागेल."

घेताना छाती मी काढली होती, कागदावर नाव तिचं घातलं होतं! हे मी साफ विसरलो होतो.

"सही नाई, बिही नाई," सत्यभामा म्हणाली. "बॉक्स लावून द्या भाऊ. चहा घेऊन जाजा."

"मी तेच ठरवलं होतं," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

टीव्ही लागला. आवाज गल्लीत गेला आणि बायका गेल्या तशाच सुया घेऊन परत! सत्यभामानं शेतातून ताजी फुलं तोडून आणवली, किसनरावांना शेवंती निवडायला बसवलं, म्हाताऱ्यांच्या हातात दोऱ्याची रिळं दिली. काय हात चालत होता तिचा! मी दारात उभा राहून पाहतच राहिलो. दुपारच्या आत हार अचलपूरला रवाना. संध्याकाळी नवरीच्या बापाचा फोन. "वामनराव, असे हार आमच्या खानदानात कोनी पायले नाई!"

"माह्या बायकोच्या हातचे हायत!" मी एवढ्या जोरात सांगितलं, की त्याला फोनची गरज नव्हती.

अकोल्याचे पाहुणे त्याच दिवशी परत जाणार होते. पण सिरियलमध्ये नायिकेचं बाळ यात्रेत हरवलं. ते सापडल्याशिवाय हलायचं नाही, असं किसनरावांनी जाहीर केलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. केशरबाईही दुपारपासून येऊन बसली आहे, अगदी पुढच्या रांगेत.

मी हे सगळं तुम्हाला ओट्यावर बसून सांगतोय. आत मला जागा नाही. पण खिडकीतून आवाज स्पष्ट येतो. बाळ अजून सापडलेलं नाही!